देसांकाची आखडलेली मान

१

वेलिबोरच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये गेली त्याला दोन दिवस झाले होते. तेवढ्या वेळात कारखान्याच्या मालकाने दोन कामं उरकली होती. फरशीवरचं रक्त धुऊन काढलं होतं, आणि वेलिबोर दारू पिऊन कामावर आला होता असं सरकारदरबारी सांगून टाकलं होतं.

वुकोसावा तेर्झिच चाचाक गावी पोचली तीच डोक्यात राख घालून. उभं आयुष्य तिने एका सरकारी कारखान्यात मशीन बांधण्यात घालवलं होतं. तो कारखाना बुडाला, तेव्हापासून मशीनने माणूस खाल्ला की श्रम निरीक्षक तिला बोलावत आणि विचारत, चूक कोणाची? आजवर प्रत्येक मालकाने तिला एकच उत्तर पुढे केलं होतं, चूक खाल्लेल्या माणसाची. या वेळी तिचा अहवाल उद्या सकाळी जायचा होता. मशीनचा दोष निघाला तर वेलिबोरला भरपाई आणि पेन्शन. दारू निघाली तर हातात भोपळा, आणि वर गावभर बदनामी.

ती वेलिबोरच्या कारखान्यात शिरली तशी एकदम तीन तोंडांतून ओरड आली, "दार! प्रोमाया!"

तिने टाचेने दार आधीच ढकलून लावलं होतं. या मुलखातला माणूस लांडग्याला भीत नाही, पण खोलीतून आरपार जाणाऱ्या गार झोताला भितो. त्या झोताचं नाव प्रोमाया. मानेवर आला तर मान गेली, कमरेवर आला तर मूत्रपिंडं गेली, हे इथलं मूल चालायच्या आधी शिकतं. वुकोसावा इंजिनिअर असली तरी याच मातीतली होती.

"या वुकोसावाबाई, बसा, कॉफी घ्या," मालक तिहोमिर बोगावात्स हात चोळत पुढे आला. "काम पाच मिनिटांचं आहे. तेरवा निकोलदान होता, वेलिबोरच्या घरची स्लावा. घराण्याच्या संताचा वर्षाचा सण, रात्रभर पाहुणे. मीही गेलो होतो ना! रकियाचा पेला रिकामा म्हणून राहू देईना. दुसऱ्या दिवशी तस्साच मशीनवर. बाटली इथेच होती, सगळ्यांनी पाहिली."

"बाटली मी पाहिली हो," कोपऱ्यातून आवाज आला. हिशेबनीस देसांका. तिच्या ऑफिसातलं हीटर डिसेंबरच्या सुरुवातीलाच बिघडलं होतं, तेव्हापासून तिने टेबल शेडमध्ये आणून भिंतीवरच्या विजेच्या पॅनेलखाली मांडलं होतं. "पण ती आमच्यासाठी आणली होती त्याने. स्लावाला जे येऊ शकले नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी केक आणि घोटभर रकिया, आपली रीतच आहे. मी घेतली, स्त्राहिन्याने घेतली. त्याने स्वतः नाही घेतली. म्हणाला, मशीनवर नाही."

"तू काय त्याच्या तोंडापाशी बसली होतीस?" तिहोमिर तिच्यावर खेकसला.

वुकोसावाने मशीनकडे पाहिलं. जुनं, दणकट मिलिंग मशीन, सरकत्या टेबलावर धातूचा जॉब धरून तो कापणारं. त्याचा मूळचा कंट्रोलर काढून त्या जागी दुकानात मिळतो तसा साधा संगणक बसवला होता, घरी पोरं खेळ खेळतात तीच सिस्टिम घातलेला.

"हे डोकं कोणी बसवलं?"

"मी," स्त्राहिन्या म्हणाला. तिशीचा इलेक्ट्रिशियन, बोलताना पायांकडे बघणारा. "मशीनसाठीची खास सिस्टिम महाग पडत होती."

"आणि टेबल चालू असताना थांबवायचं कशाने?"

"ते लाल बटण. दाबा ना, दाबून बघा," तिहोमिर म्हणाला.

मशीन चालू करून तिने टेबल सरकवलं आणि लाल बटणावर थाप मारली. बटणातला दिवा लागला, पॅनेलमध्ये खाड् असा आवाज झाला आणि टेबल जागच्या जागी मेलं.

"अगं आई गं!" देसांका उडालीच. कॉफी तिच्या टेबलभर झाली. "काय फुटलं वर?"

"काही नाही बाई, वीज तोडणारा खटका पडला," वुकोसावा म्हणाली.

तिने पुन्हा पुन्हा तपासलं. दर वेळी खाड्, आणि दर वेळी टेबल ठार बंद. मशीनमध्ये खोट सापडेल म्हणून ती आली होती, आणि बटण शंभर नंबरी निघालं. तिला स्वतःचाच राग आला.

"झालं समाधान?" तिहोमिर हसला. "बटण दाबलं असतं तर बोटं गेली नसती. त्याने दाबलंच नाही. माणूस झिंगलेला होता."

आता एक तर मशीन खोटं बोलत होतं, नाहीतर वेलिबोर.

२

इस्पितळात वेलिबोर पलंगावर टेकून बसला होता. हाताचं भलंमोठं पांढरं गाठोडं उशीवर ठेवलेलं. त्याची बायको झिवाना खिडकीपाशी उभी होती. वुकोसावाने आपण कोण ते सांगितलं, तर तिने तोंडही फिरवलं नाही.

"दाबलं होतं," वेलिबोर म्हणाला. "अगोदर लाल बटण, मग हात. वीस वर्षं तेच करतोय. हात धुताना नळ बंद करायला विसरेन, पण ते नाही विसरणार."

"नीट सांगा. टेबल चालत होतं?"

"नाही हो. जॉब अर्धा झाला की टेबल थोडा वेळ थांबतं, मापासाठी. तेवढ्यात लाल बटण दाबायचं, मायक्रोमीटर घालायचा, माप घ्यायचं. दाबलं, दिवा लागला, हात घातला. आणि टेबल आलं." त्याने डोळे मिटले. "दिवा लागलेला होता बाई. हात आत अडकलेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो दिवा जळत होता."

"त्याआधी कधी काही वेगळं जाणवलं?"

"संगणकाचा पडदा गोठायचा. या महिन्यात सुरू झालं. एखादा क्षण सगळं थिजायचं, मग पुन्हा चालू. त्या दिवशीचा जॉब तर सगळ्यांत मोठा, साच्याचा. मालकाला मी आधीच सांगितलं होतं. म्हणाला, माझ्या घरचा संगणकपण गोठतो, म्हणून मी काय रडत बसतो?"

"दारू?"

खिडकीपाशी झिवाना गर्रकन वळली. "दारू? स्लावाला घरधनी बसतो तरी का हो? तुमच्या घरी बसतो? सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत हा उभा होता, ताटं वाढत होता. आणि तो तिहोमिर, न बोलावता आला, कारण स्लावाला कोणी कोणाला बोलवत नाही, दार उघडंच असतं. आमचा मासा खाल्ला, आमच्या मेणबत्तीसमोर उभा राहून आमचा केक खाल्ला, माझ्या नवऱ्याला मिठी मारून गेला. आणि दुसऱ्या दिवशी म्हणे दारुडा! खाल्ल्या घरचे वासे मोजतो मेला!"

"झिवाना," वेलिबोर हळूच म्हणाला.

"नाही, बोलू दे. बोटं गेली तर गेली. पण पोरगा शाळेतून रडत आला काल. तुझा बाप दारूच्या नशेत लुळा झाला म्हणतात."

वुकोसावा जायला उठली. या माणसावर तिचा विश्वास बसला होता, पण विश्वास अहवालात लिहिता येत नाही. बटण तिने स्वतःच्या हाताने दाबून पाहिलं होतं, आणि ते चालत होतं.

३

ती कारखान्यात परतली तेव्हा तिहोमिर जेवायला गेला होता. देसांका एक खांदा वर उचलून, डोकं वाकडं करून आकडे भरत होती.

"मानेला काय झालं?" वुकोसावाने खुर्ची ओढत विचारलं.

"आखडली. कालपासून फिरतच नाही. शेक नाही, रकिया नाही, कशाने उतरेना. प्रोमाया लागली, दुसरं काय!"

"बरोबर आहे, इथे बसलीस तर लागणारच," असं म्हणत वुकोसावा तिच्या शेजारी टेकली, आणि तिच्याही मानेवर गार वारा आला. पॅनेलच्या खालच्या जाळीतून येत होता. स्त्राहिन्याने संगणक थंड राहावा म्हणून अंगणातून पाइप टाकून बाहेरची हवा पंख्याने आत घेतली होती. पॅनेलभर फिरून ती या जाळीतून बाहेर पडत होती, नेमकी बसणाऱ्याच्या मानेवर.

वुकोसावाचा हात आपोआप गळ्याशी गेला. तिने मफलर सोडला, त्याची घडी केली आणि जाळीत कोंबायला हात वर केला.

आणि हात तिथेच थांबला.

"देसांका," ती सावकाश म्हणाली, "तू इथे महिन्याच्या सुरुवातीपासून बसतेस ना?"

"हो की."

"आणि मान कालपासून आखडली?"

"हो."

"मग इतके दिवस ही हवा कुठे होती?"

देसांकाने डोळे मोठे केले. "अगं बाई, माझा गळपट्टा! लाल लोकरीचा. पहिल्याच दिवशी मी तो जाळीत घट्ट बसवला होता. उघड्या झोताखाली कोण शहाणं माणूस बसेल? परवा सगळा गोंधळ झाला, मी रडत घरी गेले. काल आले तर गायब. म्हटलं, नेला असेल कोणीतरी रक्त पुसायला."

वुकोसावा खुर्चीवर चढली. जाळीच्या एका स्क्रूला लाल लोकरीचा धागा अडकला होता. हवा कोंडली की पॅनेलची भट्टी होते, आणि तापलेला संगणक जीव वाचवायला स्वतःला मंद करतो. पडदा या महिन्यात का गोठायला लागला ते कळलं. पण एवढ्याने तिचं समाधान होईना. संगणक गोठला तर गोठू दे. लाल बटण वीज तोडतं, त्याला संगणकाची परवानगी लागत नाही. खाड् वाजतं आणि संपलं.

खाड्.

ती खुर्चीवरूनच देसांकाकडे वळली. "सकाळी मी बटण दाबलं तेव्हा तू दचकलीस. का?"

"तो खटका! केवढा मोठा वाजला डोक्यावर."

"वेलिबोर दिवसातून कितीदा बटण दाबायचा?"

"मोजलंय कोणी? प्रत्येक मापाला दाबायचा."

"आणि तू सगळे दिवस याच खटक्याखाली बसलीस. मग आवाज ओळखीचा का नाही?"

देसांकाच्या हातातलं पेन खाली पडलं. "कारण कधी वाजलाच नव्हता तो," ती पुटपुटली.

४

पॅनेलची किल्ली स्त्राहिन्याकडे होती. त्याने आढेवेढे घेतले, हरवली म्हणाला, मालकांना विचारतो म्हणाला. वुकोसावाने नुसता हात पुढे केला. शेवटी त्याने खिशातून काढून दिली.

आत सगळ्यावर तेलकट काळी धूळ बसली होती. फक्त दोन तारा नव्या कोऱ्या, आणि त्यांचे स्क्रू चकचकीत.

"परवा बदलल्यास," ती म्हणाली. "रक्त वाळायच्या आत. आधी या तारा कुठे जात होत्या ते तू सांगतोस की मी सांगू?"

स्त्राहिन्याचा चेहरा पडला.

"संगणकाकडे," तो म्हणाला. "ताई, मी नको म्हणालो होतो. बटण दाबलं की वीज जायची, मशीन शून्य विसरायचं, म्हणजे माप कुठून मोजायचं तेच. प्रत्येक मापानंतर शून्य पुन्हा शोधण्यात वेळ जायचा. मालक म्हणाले, बटण संगणकाला जोड, तो हळूच थांबवेल, वीज जाणार नाही. मी म्हटलं, ही घरगुती सिस्टिम आहे, तिच्या मनात आलं तर ती आधी दुसरंच काम काढते. तर म्हणाले, चालव रे, चालतंय ना!"

"आणि दिवा तसाच ठेवलास, थेट बटणावर. संगणकाने ऐकलं असो नसो, माणसाला दिवा दिसणार."

त्याने मान खाली घातली.

"गळपट्टा कुठे आहे?"

"मालकांनी शेगडीत टाकला."

दारात तिहोमिर उभा होता. किती ऐकलं कोण जाणे, पण चेहऱ्यावर हसू आणून तो आत आला.

"हं, म्हणजे संगणकाचा दोष," तो म्हणाला. "मग तसं लिहा ना बाई! दारूचं मी मागे घेतो, जाऊ दे. या घरगुती सिस्टिम बेभरवशाच्या, सगळं जग ओरडतंय. मशीन गोठलं, कोणाचाच दोष नाही. आणि खरं म्हणाल तर हिने तो गळपट्टा..."

"मी?" देसांका पांढरीफटक पडली. "म्हणजे माझ्यामुळे?"

"गप्प बस!" वुकोसावा कडाडली, पण ती देसांकाला नव्हे, मालकाला म्हणाली. "देसांका, ऐक. जाळीत गळपट्टा कोंबला तर फार फार तर संगणक बंद पडावा, माणसाचा हात जाऊ नये. आत्ता मीसुद्धा माझा कोंबणार होते. चूक तिथे नाही." मग ती तिहोमिरकडे वळली. "आणि सिस्टिमला कशाला शिव्या देता? पत्र लिहायला, चित्र बघायला बनवली आहे ती. वेळ पाळीन असं वचन तिने कधी दिलंच नव्हतं. ते वचन लाल बटण देतं. ते बटण तुम्ही तिच्या गळ्यात बांधलंत, मशीनचा खेळखंडोबा केलात, आणि दिवा मात्र जळत ठेवलात."

"पुरावा काय?" तिहोमिर म्हणाला. "हा पोरगा भितोय, म्हणून काहीही बरळतोय. बटण संगणकाकडून गेलं तरी टेबल थांबतंच. हजारदा थांबलंय."

"ठीक आहे," वुकोसावा म्हणाली. "स्त्राहिन्या, तारा होत्या तशा लाव."

त्याने लावल्या. वुकोसावाने आपला मफलर जाळीत घट्ट बसवला, पॅनेल बंद केलं आणि वेलिबोरचा तोच साच्याचा जॉब चालू केला. मग सगळे बसून राहिले. कोणी कॉफी केली नाही. पॅनेलचा पत्रा हळूहळू कोमट झाला, मग हात ठेववेना इतका तापला. पडदा एकदा गोठला, सुटला, पुन्हा गोठला.

टेबल मापासाठी थांबलं.

"या तिहोमिर," ती म्हणाली. "बटण दाबा. हजारदा थांबलंय ना? दाबा, आणि हात आत घाला."

तो पुढे आला. देसांका बघत होती, स्त्राहिन्या बघत होता. त्याने बटण दाबलं. दिवा लागला, लालभडक. खाड् वाजलं नाही. त्याचा हात जॉबच्या वीतभर अलीकडे गेला आणि तिथेच लटकला.

"घाला ना," वुकोसावा म्हणाली. "दिवा लागलाय. आणि तुम्ही तर प्यायलेलेही नाही."

 त्याने हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

वुकोसावाने शेगडीजवळची लाकडाची एक लांब ढलपी उचलून वेलिबोरचा हात जिथे होता तिथे धरली, लांबून. दिवा जळत होता. टेबल मुकाट्याने पुढे सरकलं आणि ढलपीचा कडकन तुकडा पडला. मग कुठे संगणकाला बटणाची आठवण झाली आणि टेबल थांबलं.

"दोष माहीत नव्हता म्हणाल," ती म्हणाली, "तर गळपट्टा का जाळलात? माहीत नव्हता, तर आत्ता हात का मागे घेतलात? तुमच्या हाताला सगळं ठाऊक होतं. फक्त वेलिबोरच्या हाताला तुम्ही सांगितलं नाही."

 देसांका उठली, वाकडी मान तशीच धरून तिहोमिरसमोर गेली, आणि तिने आपल्या टेबलाच्या किल्ल्या त्याच्या पायांशी फेकल्या.

५

वुकोसावाने अहवाल इस्पितळातच वाचून दाखवला. दारू हा शब्द त्यात एकदाच होता, आणि पुढे "खोटा आरोप" असं होतं. स्त्राहिन्याने आपल्या नावाने सही केली होती, स्वतःची चूकही लिहून दिली होती. बाकीचं आता निरीक्षक आणि न्यायालय बघणार होतं.

झिवाना रडली. वेलिबोरने गाठोड्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"त्याने हात मागे घेतला?" त्याने विचारलं.

"घेतला."

"मी सांगत होतो पडदा गोठतो, तेव्हा मला नाही म्हणाला हात मागे घे." तो मागे टेकला. "दहाही बोटं शाबूत आहेत त्याची. घरी जाऊन जेवेल."

 वुकोसावाला दाटून आलं ते दुःख नव्हतं, चीडच होती, आणि ती घेऊनच ती उठली. दाराशी तिला झिवानाने थांबवलं.

"पुढच्या निकोलदानला या," ती म्हणाली. "बोलावणं नाही करत, माहीतच आहे तुम्हाला. दार उघडं असतं."

"नेहमीच उघडं होतं," पलंगावरून वेलिबोर म्हणाला. "माझ्या आज्यापासून. युद्धातसुद्धा कोणासाठी लावलं नाही." त्याने डावा हात उचलून दाराकडे केला. "पण पुढच्या वर्षी तो तिहोमिर फाटकाशी दिसला, झिवाना, तर लावून घे. पाहुण्यांना सांग, प्रोमाया येते."